बेअरिंग बदललं तरी चाकातली घूं-घूं तशीच, मग दुसरंही बदलू का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. गाडी पुढच्या चाकांना ओढ असलेली, मॅन्युअल गिअरची, सत्तर हजार किलोमीटर झालेली. ताशी ५० च्या वर गेली की पुढून घूंऽऽ असा आवाज, वेगाबरोबर चढत जाणारा. गॅरेजमध्ये पुढचं उजवं बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं आणि बदललं. आवाज तसाच राहिला. वर दोन नवीन गोष्टी लक्षात आल्या: हळू चालवताना उजव्या चाकातून पत्र्याला पत्रा घासल्यासारखं खर्र-खर्र, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून पार्किंगमधून निघताना कट-कट. ही कट-कट आधीपासून होती का, हे तुम्हाला नक्की आठवत नाही. आता डाव्या बाजूचंही बेअरिंग बदलू म्हणतायत, आणि तुम्ही विचारताय की बदलू का.

नका बदलू. निदान खाली सांगतोय ते तास-दोन तासांचं काम होईपर्यंत तरी नको. मला हे तीन वेगळे आवाज वाटतात, तीन वेगळ्या जागांहून येणारे, आणि त्यातल्या एकाचा, कदाचित दोघांचा, जन्म बेअरिंग बदलतानाच झालाय.

माझी निम्मी हयात गाड्यांच्या पोटाखाली गेली. आवाजाची तक्रार घेऊन येणारा माणूस आधी तोंडाने आवाज काढून दाखवतो. त्यात वावगं काही नाही, पण त्यावरून निदान होत नाही. एकाच बेअरिंगचा आवाज कोणाला विमानासारखा वाटतो, कोणाला लांबून येणाऱ्या ट्रकसारखा. मला हवं असतं ते वेगळंच: हा आवाज कशाने वाढतो, कशाने थांबतो आणि कशाने त्याला काडीचाही फरक पडत नाही. चाकापाशी जे भाग असतात त्या प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणून प्रत्येकाला चिडवायची रीतही वेगळी. बेअरिंग भार आला की कुरकुरतं. टायर रस्ता बदलला की सूर बदलतं. ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा, जॉइंट वळलेल्या अवस्थेत जोर लागला की बोलतो. ब्रेकला पेडलला पाय लागल्याचं कळतं. आवाज कुठून येतोय यावर मात्र कानाचं फार ऐकू नका. पत्र्याच्या डब्यात बसलेलो असतो आपण. मागच्या बेअरिंगची घरघर चालकाच्या सीटखालून आल्यासारखी वाटणं हे मी कितीतरी वेळा पाहिलंय, त्यात स्वतः फसलोही आहे.

आता तुमच्या घूं-घूंकडे.

मोकळा, सरळ, कमी वर्दळीचा रस्ता बघा आणि शेजारी कोणाला तरी बसवा, म्हणजे ऐकायचं काम त्याच्याकडे राहील. आवाज स्पष्ट येतो त्या वेगाला गाडी न्या, क्लच दाबा आणि इंजिन आयडलला येऊ द्या. इंजिन बंद करायचं नाही, चावीला हात लावायचा नाही. स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो. इंजिन शांत झालं तरी घूं-घूं त्याच सुरात राहिली, तर इंजिन सुटलं यादीतून. मग क्लच सोडून अॅक्सिलरेटर थोडा दाबा, पुन्हा सोडा. पाय दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा असेल, तर लक्ष गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलकडे (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांकडे) वळवा, कारण तिथल्या दातांवरचा भार पायाप्रमाणे उलटसुलट होतो. टायरला आणि बेअरिंगला तुमच्या पायाशी फारसं देणंघेणं नसतं.

पुढची परीक्षा वळणाची. त्याच वेगात, जागा असेल तर, स्टेअरिंग अलगद डावी-उजवीकडे झुलवा, गाडी लेनमध्ये नागमोडी जाईल एवढंच. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर येतं, डावीकडे वळताना उजव्या. उजवीकडे वळल्यावर घूं वाढली आणि डावीकडे वळल्यावर दबली, तर डाव्या बाजूच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा. हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो, नेहमी नाही. हल्लीच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, बेअरिंगच्या गोळ्यांच्या दोन रांगा असतात आणि त्यातली कुठली रांग खराब झालीय त्यावर आवाज कुठल्या वळणाला वाढेल हे थोडं बदलतं. म्हणून एवढ्यावर बेअरिंगचा निकाल देऊ नये. पण वळणाने आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर बेअरिंगला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला माझा तरी हात धजावत नाही.

तिसरी परीक्षा रस्त्याची, आणि माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत नव्या डांबरावर जा, काँक्रीटवर जा. आवाजाचा पोत बदलला, एखाद्या पट्ट्यावर जवळजवळ नाहीसा झाला, तर तो टायरचा. बेअरिंगला खाली डांबर आहे की काँक्रीट याचा पत्ताच नसतो. ते आपलं त्याच सुरात रडत राहतं.

तुम्ही लिहिलंय की ‘हायवेच्या नवीन भागात आवाज कमी वाटतो’. हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्यासाठी सगळ्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. माझा पहिला संशय तुमच्या टायरवर आहे.

टायर बेअरिंगचा आवाज इतका हुबेहूब का काढतं, हे कळलं की पुढची फसवणूक टळते. टायरच्या नक्षीतले ठोकळे एकसारख्या आकाराचे नसतात, नीट बघा. कंपनी ते मुद्दाम लहान-मोठे ठेवते, म्हणजे प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटताना होणारा आवाज एकाच सुरात गोळा होत नाही, विखुरला जातो. टायर असमान झिजलं की ही सगळी मांडणी मोडते. ठोकळ्यांची एक कड उंच, दुसरी खाली, किंवा काही अंतराने खोलगट चट्टे, असं झालं की त्याच चट्ट्यांचा ठेका लागतो आणि वेग वाढला की तो एका अखंड गुंजेत मिसळतो. ही गुंज वेगाबरोबर चढते, अगदी बेअरिंगसारखी.

शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. अशीच घूं-घूं करणारी गाडी आली, मी कान लावून पुढचं डावं बेअरिंग ठरवलं आणि बदललं. आवाज तसाच. मग ‘अरे, उजवं असणार’ म्हणून तेही बदललं. आवाज तसाच. तिसऱ्या दिवशी आमचे उस्ताद जेवून हात पुसत आले, काही न बोलता पुढच्या टायरवरून तळवा एका दिशेला फिरवला, मग उलट दिशेला, आणि माझा हात धरून त्याच जागी ठेवला. एका दिशेने मांजरीची पाठ, दुसऱ्या दिशेने करवत. त्यांनी पुढची टायरं मागे आणि मागची पुढे टाकायला लावली. गाडी रस्त्यावर काढली तर घूं-घूं मागच्या सीटवर जाऊन बसली होती. दोन चांगली बेअरिंगं मी भंगारात टाकली होती. ग्राहकाला ते सांगणं बेअरिंग काढण्यापेक्षा जड गेलं.

तर तुम्हीही हात फिरवा. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, स्टेअरिंग एका बाजूला वळवलेलं, म्हणजे पुढचं टायर आतपर्यंत हाताला लागतं. हातमोजा असू द्या, झिजलेल्या टायरमधून कधी पोलादी तारा डोकावत असतात. तळवा आधी आडवा फिरवा, आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे आणि परत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला बोटांना टोचतंय, असं असेल तर चाकांचा टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन, बिघडलाय, टायर सरळ न लोळता किंचित घसटत चाललंय, अलाइनमेंट हवी. मग घेराच्या दिशेने फिरवा. प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच लागली तर ती टाच-चवड्याची झीज. ओढ नसलेल्या चाकांवर ती जास्त दिसते. आणि वीतभर अंतराने खळगे लागत असतील तर शॉकअप थकलाय किंवा चाक बॅलन्समध्ये नाही, चाक रस्त्यावर बारीक उड्या मारत चाललंय. या तिसऱ्या प्रकारात नुसती टायरं बदलून भागत नाही, काही हजार किलोमीटरनंतर नवी टायरंही तसंच बोलू लागतात.

आतली कड बघायला विसरू नका. बाहेरून टायर राजबिंडं आणि आतल्या दोन बोटांच्या पट्टीत नक्षीच शिल्लक नाही, हे नेहमीचं आहे. खोबणीत जी बारीक उंचवट्याची खूण असते ती १.६ मिलीमीटरची, ठोकळे तिच्या बरोबरीला आले की आवाजाची चर्चा संपली, टायर बदलायचं. बाजूवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. जुनं टायर कडक होतं आणि नक्षी शाबूत असूनही बडबड करतं.

हाताने खात्री पटली नाही तर उस्तादांचाच उपाय करा: पुढची दोन्ही चाकं मागे, मागची पुढे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नका, डाव्याचं डाव्यालाच ठेवा. पुढच्या-मागच्या टायरांची मापं वेगळी असतील तर हा प्रयोग करायचाच नाही. चाकं बदलल्यावर आवाज मागे गेला, किंवा त्याचा सूर पार बदलला, तर गुन्हेगार सापडला. जसाच्या तसा पुढेच राहिला तर टायर निर्दोष. अनेकदा उलटंही होतं: लोक टायर रोटेशन करून येतात आणि दुसऱ्या दिवशी ‘पुढून आवाज यायला लागला’ म्हणतात. तो आवाज मागे महिनोन्महिने होता, तिथून ऐकू येत नव्हता इतकंच.

जाता जाता एक. पुलाच्या सांध्यावरून जाताना टँऽग असा पोकळ, घंटेसारखा नाद येतो, तो टायरच्या आतल्या हवेचा. साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास ती हवा घुमते. त्यात बिघाड काही नाही, त्यासाठी काही उघडायला लावू नका.

समजा टायर निर्दोष ठरलं. मगच जॅक.

सपाट, टणक जागा, दुसऱ्या टोकाच्या चाकांना ओंडके, आणि गाडी उचलली की खाली स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, पाचच मिनिटांचं काम असलं तरी. चाक वर आलं की एक हात बाराच्या ठिकाणी, दुसरा सहाच्या, आणि आतबाहेर हलवा. मग तीन आणि नऊला धरून हलवा. बारा-सहाला टक-टक प्ले, म्हणजे ढिलाई, लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोल सांधा). फक्त तीन-नऊला लागला तर बहुधा टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारं टोक) किंवा स्टेअरिंगचा आतला जॉइंट. आता कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो जाड लोखंडी भाग) एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे बेअरिंगचा प्ले गायब होतो. तरीही चाक हललं, तर ढिलाई बेअरिंगच्या पलीकडे, जॉइंटमध्ये आहे. ही साधी युक्ती न वापरता बॉल जॉइंटऐवजी बेअरिंग बदललेल्या गाड्या मी पाहिल्यात.

पण प्ले नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असं मात्र नाही. आजची बंद बेअरिंगं आधी आवाज करू लागतात, प्ले फार उशिरा येतो. म्हणून दुसरी तपासणी: गिअर न्यूट्रलला, एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं शॉकअपच्या स्प्रिंगवर हलकेच टेकवा. स्प्रिंग इथे तारेसारखं काम करते. बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या वाटेवर खड्डे पडले असतील तर बोटांना वाळू दळल्यासारखी कुरकुर जाणवते, कानाला ऐकू येत नसली तरी. मग तेच दुसऱ्या बाजूला करून तुलना करा. तुलनेशिवाय या कुरकुरीला अर्थ नाही. ब्रेक पॅडचा हलका श्श-श्श आवाज यात येणारच, तो सोडून द्या. एक चाक वर धरून इंजिनवर फिरवून बघण्याचा मोह घरी टाळा. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असताना वरचं चाक दुप्पट वेगाने पळतं. काटा ३० दाखवतो आणि चाक ६० ने फिरत असतं.

तुमचं उजवं बेअरिंग नवीन आहे. ते खराब असू शकतं का? असू शकतं, आणि दोष बेअरिंगचा असेलच असं नाही. तुमच्या गाडीत बेअरिंग प्रेसने बसवायचं असेल, तर नकलमध्ये घालताना जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा आणि हब आत घालताना आतल्या कड्याला आधार द्यायचा. हे उलटं झालं की सगळा जोर मधल्या गोळ्यांतून जातो आणि त्यांच्या वाटेवर बारीक खळगे उठतात. हातोडीने ठोकून बसवलं तरी तेच. असं बेअरिंग पहिल्या दिवसापासून किंवा थोड्याच दिवसांत घुमायला लागतं. बऱ्याच बेअरिंगांच्या एका बाजूला एबीएससाठी (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी) चुंबकीय कडं असतं, ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. तुमचा लागलेला नाही, म्हणजे तेवढं तरी नीट झालंय.

बेअरिंग बदलताना मधला मोठा अॅक्सल नट खोलावाच लागतो. तो नट बेअरिंगला दाबून धरतो, त्यामुळे त्याचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, मोठा असतो, बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत १८० ते ३०० न्यूटन मीटरच्या टप्प्यात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा. तो टॉर्क रेंचने आवळायचा, एअरगनच्या अंदाजाने नाही, आणि बहुतेक कंपन्या नट दर वेळी नवीन घालायला सांगतात. तो आवळण्याआधी गाडीचं वजन त्या चाकावर टाकलं तर नवं बेअरिंग तिथेच दुखावतं.

इथून आपण तुमच्या कट-कटीवर येतो.

पूर्ण वळवून, पहिल्या गिअरमध्ये जोर लावत निघताना येणारी कट-कट-कट हे बाहेरच्या सीव्ही जॉइंटचं, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडच्या जॉइंटचं, जुनं लक्षण. त्यात बहुधा सहा गोळ्या असतात, खोबणीत पुढेमागे सरकणाऱ्या. खोबणी झिजल्या की वळलेल्या अवस्थेत भाराखाली गोळ्या उड्या मारतात, आणि चाकाच्या एका फेऱ्यात एकापेक्षा जास्त वेळा कट् होतं. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूला. बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट जास्त बोलतो. मग खाली वाकून रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरचं ग्रीस धरून ठेवणारं घड्यांचं आवरण, बघा. त्याच्या घड्या उघडून बघा, चीर घडीच्या पोटात लपते. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फटकारे उडालेले दिसले तर बूट फाटलाय हे बघायचीही गरज नाही. बूट नुकताच फाटलाय आणि जॉइंट अजून गप्प आहे, तर साफ करून नवं ग्रीस आणि नवा बूट चालतो. एकदा कट-कट सुरू झाली की ग्रीसने काही होत नाही, जॉइंट बदलावा लागतो.

पण तुमच्या बाबतीत त्याआधी अॅक्सल नट तपासा. नट ढिला असेल, किंवा शाफ्टचा खांदा आणि हब जिथे टेकतात ती जागा नीट बसलेली नसेल, तर निघताना एकच टक् होतो आणि रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघालात की पुन्हा एकच टक्. म्हणजे दिशा बदलली की एकदा. जॉइंटचा आवाज वळणात सलग येतो, नटाचा दिशा बदलताना एकदाच. पार्किंगमधून निघताना तुम्ही वळवताही आणि दिशाही बदलता, म्हणून दोन्ही एकत्र मिसळून ऐकू येतात. वेगळे करून ऐका: आधी स्टेअरिंग सरळ ठेवून पुढे-मागे, मग फक्त वळवून सलग पुढे.

तिसरी शक्यताही सांगून ठेवतो. गाडी जागेवर उभी असताना नुसतं स्टेअरिंग फिरवल्यावर कट् किंवा टण् होत असेल, तर चाक फिरतच नाहीये, मग जॉइंटचा संबंध कुठून? तिथे शॉकअपच्या वरच्या माउंटचं बेअरिंग अडकत असतं आणि स्प्रिंग ताणून झटक्यात सुटते. बोनेट उघडून कोणाला स्टेअरिंग फिरवायला सांगा, वर हात ठेवा. झटका तळव्याला लागतो.

आता तिसरा, पत्र्यावर पत्रा. याचं मला सगळ्यात कमी टेन्शन आहे. डिस्कच्या आतल्या बाजूला पातळ पत्र्याची ढाल असते, ती बेअरिंग काढताना हमखास वाकते. चाक काढा, टॉर्च मारून बघा, डिस्क आणि ढालीमध्ये फट कुठे नाहीशी झालीय. तिथे डिस्कच्या कडेवर चमकदार ओरखडाही दिसेल. बोटाने किंवा लांब पेचकसाने ढाल जरा मागे ओढा, झालं. असाच आवाज ढाल आणि डिस्कमध्ये अडकलेल्या खड्याचाही येतो. तो तर ऐकणाऱ्याला वाटतं गाडी आता सुटी होऊन पडणार, आणि थोडं रिव्हर्स घेतलं की खडा गळून पडतो.

खात्रीसाठी ठेका मोजा. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर भरतो, म्हणजे ताशी ७ किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास एक फेरा घेतं आणि ताशी ६० ला साडेआठ. हळूहळू गाडी सोडा आणि मोजा. सेकंदाला एक खर्र म्हणजे फेऱ्याला एक, म्हणजे एकच जागा घासतेय. वाकडी ढाल, नक्षीत रुतलेला खडा, टायरचा फुगा, सगळे फेऱ्याला एकदाच बोलतात. नक्षीतला खडा पक्क्या रस्त्यावर टिक्-टिक् करतो आणि मऊ मातीत गप्प होतो. मागच्या चाकांच्या ओढीच्या गाडीत आवाज फेऱ्याला तीन-चार वेळा आला तर मधला लांब शाफ्ट आणि त्याचे क्रॉस बघायचे, कारण तो चाकापेक्षा तितक्या पटीने फिरतो.

ब्रेकचं थोडक्यात. चालताना बारीक चीं आणि पेडलवर पाय टेकवताच बंद, तर पॅडची झीज सांगणारी पत्री बोलतेय. अजून वेळ आहे, पण जास्त नाही. पाय दाबल्यावर गर्र-गर्र आणि पेडलखाली खरखर, तर पॅड संपून लोखंड डिस्क खातंय, गाडी तिथेच थांबवलेली बरी. रात्री पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला घासते, तो डिस्कवरचा गंज. इलेक्ट्रिक गाड्यांत वेग बराचसा मोटरच कमी करते, डिस्क क्वचित वापरली जाते, म्हणून तिथे हा गंज जास्त दिसतो. आणि इंजिन नसल्यामुळे टायरची जी बडबड आधी झाकली जायची ती उघडी पडते, हे त्या गाड्यांच्या नव्या मालकांनी लक्षात घ्यावं. थोडं अंतर चालवून उतरल्यावर चारही रिमांच्या जवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा) पिस्टन किंवा पिना जाम आहेत. पॅड बदलल्यानंतर खड्ड्यात टिक-टिक सुरू झाली तर पॅडच्या स्प्रिंगक्लिपा परत बसवल्यात का ते विचारा.

खड्ड्यात खडखड आणि गुळगुळीत रस्त्यावर शांत, हे प्रकरण चाकाचं नाही, सस्पेन्शनच्या भागांचं: लिंक रॉड, बुश आणि लोअर आर्मचं. त्यावर वेगळं लिहावं लागेल. सुरुवात लिंक रॉडपासून करा, बहुतेक वेळा तोच निघतो.

एका आवाजाबाबत मात्र वाट बघत बसायचं नाही. हळू वेगात ढब्-ढब् आणि स्टेअरिंग किंचित डुलतंय, विशेषतः चाक नुकतंच काढून बसवलेलं असताना, तर बाजूला घ्या आणि पान्याने चाकाचे नट बघा. ढिले नट भोकं मोठी करतात, स्टड तुटतात आणि चाक गाडीच्या पुढे पळतं. नट आवळलेले असतील तर टायरचा घेर बघा, कुठे फुगा किंवा नक्षीची पट्टी सुटून उचललेली दिसते का. दिसली तर ते टायर आणखी एक किलोमीटरही चालवायचं नाही, स्टेपनी लावा. गाडी बरेच दिवस एका जागी उभी असल्यानेही ढब्-ढब् येते, पण ती टायर तापलं की काही किलोमीटरांत विरते. ही विरत नाही.

तुमच्या उजव्या चाकाचे नट बेअरिंगच्या कामात निघालेत, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा. बहुतेक छोट्या गाड्यांना ९० ते १२० न्यूटन मीटर लागतात, तुमचा आकडा मालकाच्या पुस्तिकेत आहे. समोरासमोरचे नट आलटून-पालटून आवळा, आणि चाक निघालं की ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा. मग अॅक्सल नट, तो गॅरेजकडूनच टॉर्क रेंचने तुमच्यासमोर तपासून घ्या. त्यांनी केलेल्या कामाचा तो भाग आहे, मागायला संकोच नको. ढाल त्याच वेळी सरळ होईल. सीव्हीचे बूट बघून घ्या.

आणि टायरं पुढे-मागे करताना प्रत्येकावर आतल्या बाजूने खडूने लिहा, कुठलं कुठून आलं: पु.उ., पु.डा., मा.उ., मा.डा. आवाज हलला तर कुठल्या टायरने हलवला हे नंतर शोधत बसावं लागणार नाही. प्रयोगानंतर घूं-घूं कुठे गेली आणि उजव्या-डाव्या वळणाला काय झालं तेवढं कळवा. पुढेच राहिली आणि वळणाला बदलली, तर मग त्या बेअरिंगबद्दल पुन्हा बोलू, आणि त्या वेळी कदाचित नव्यानेच बसवलेल्या उजव्याबद्दल.